पहिल्या लक्षणाची तारीख

हंड्यावरचं झाकण खाली पडलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं. दुपारचं घर इतकं गप्प होतं की तो आवाज मागच्या पडवीपर्यंत गेला असेल. मी आतल्या खोलीत हर्षालीला थोपटत पडले होते. झाकण एकदाचं थांबलं, मग पेला वाजला, मग पाणी सांडलं. म्हणजे नाना उठले होते.

मी धावत गेले तर सासरे ओट्याची कड धरून उभे. तोंड उघडं, खांदे वरखाली होत होते, आणि पायाशी पाण्याचं थारोळं.

"नाना, हाक मारायची ना मला."

"तू निजली व्हती."

"मी कुठे निजले? हिला निजवत होते."

"मंग ही निजली व्हती ना."

"मी पण नव्हते निजले," दारातून हर्षाली म्हणाली. "नुसते डोळे मिटले होते. आईला बरं वाटावं म्हणून."

नाना हसले. हसले की त्यांना ढास लागते आणि ढास लागली की दम. म्हणून आमच्या घरात हल्ली कुणी फार गमतीचं बोलत नाही. हर्षाली सहा वर्षांची आहे, तिला हे लक्षात राहत नाही, आणि ते राहू नये असंच मला वाटतं. मी नानांना धरून खाटेवर आणलं, पाठीमागे दोन उशा लावल्या आणि पोतेरं घेऊन पाणी पुसायला बसले.

मे महिन्यात ते हॉस्पिटलातून घरी आले, त्याला पाच महिने होऊन गेले होते. आमची मखमलाबादच्या पुढे दीड एकर गुलछडी. हा माणूस उजाडायच्या आत फुलं तोडून, करंड्या स्कूटरला बांधून सहाला पंचवटीत पोचायचा आणि परत येऊन मलाच विचारायचा, "काय गं प्रतिभा, अजून चहा नाय?" आता शर्टाचं बटण लावताना त्यांची बोटं थरथरतात. साखर वाढली आहे. रात्री आडवं पडलं की जीव घाबरतो म्हणून बसल्या बसल्या डुलक्या घेतात. शेताकडे जात नाहीत. शेखर, माझा नवरा, अंबडच्या कंपनीत जातो. पहाटे तो आणि मी फुलं तोडतो, तेवढा वेळ नाना आणि हर्षाली एकमेकांना सांभाळतात. नवरात्रात देवळं उघडली, फुलांना परत मागणी आली. शेखरनं दोनदा म्हटलं, "नाना, नुसतं बांधावर येऊन बसा." नाना म्हणाले, "मी येऊन काय करू? मला काही कळतं का आता त्यातलं?" त्यांच्या नाकाला अजून वास नाही. गुलछडीचा नाही, फोडणीचा नाही, गॅस चालू राहिला तर त्याचाही नाही.

माझे हात पोतेऱ्यात होते आणि खाटेवरचा फोन वाजला.

"हर्षा, हिरवं बटण दाब. आणि ते स्पीकरचं."

"मला येतं," ती म्हणाली.

फोनवर एक बाई होत्या. आवाज तरुण, दमलेला पण गोड. सुवर्णा सिस्टर, हॉस्पिटलातून. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या जिल्ह्यातले जे पेशंट त्यांच्याकडे दाखल होते, त्या सगळ्यांना फोन करून आता कसं आहे ते विचारत होत्या. "पुंजाराम किसन, वय एकसष्ट. ते बोलू शकतील का?"

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. फोनवर बोलताना त्यांना दम पुरत नाही.

"मी सून बोलते. विचारा."

त्या विचारत गेल्या. चालताना दम लागतो? लागतो. किती चालल्यावर? खाटेवरून मोरीपर्यंत. वजन कमी झालंय का? नऊ किलो. विसरायला होतं? मी परत नानांकडे पाहिलं.

"सांग ना," नाना म्हणाले. "परवा धोंडीरामाचं नाव आठवंना मला. तीस वर्षं त्याच्या दुकानातून फवारणीचं औषध घेतलं."

"होतं विसरायला," मी म्हणाले.

झोप? नाही. वास? नाही. चव? थोडी. भीती वाटते का, दवाखान्यातलं काही आठवून दचकायला होतं का? याचं उत्तर नानांनी मला कधी दिलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी तिथलं एकच सांगितलं होतं. शेजारच्या खाटेवर हरसूलकडचा एक माणूस होता. मास्क लावलेला, आणि मास्कच्या आतून तो आपल्या बैलांना हाका मारायचा. दिवसा, रात्री, कधीही. एका सकाळी त्या खाटेवर धुतलेली चादर दिसली. नानांनी कुणाला काही विचारलं नाही. एवढंच. पण घरी अजूनही मी खाटेवरची चादर बदलली की ते उठून दुसरीकडे जाऊन बसतात.

"हो," मी म्हणाले. "होतं दचकायला."

"बरं ताई, आता शेवटचे दोन प्रश्न. पहिलं लक्षण. केसपेपरवर ताप, नऊ एप्रिल असं आहे. बारा तारखेला ॲडमिट. म्हणजे तीनच दिवस. बरोबर ना?"

मी पोतेरं उचललं.

"तुम्ही लवकर आणलंत, ताई," त्या म्हणाल्या. "इतक्या लवकर आलेले आमच्याकडे फार थोडे आहेत. सातव्या, आठव्या दिवशी आणायचे लोक. लवकर आलेल्यांचं काय झालं आणि उशिरा आलेल्यांचं काय झालं, तेच आम्ही बघतोय. तुमच्यासारख्या घरांचं कौतुक आहे."

माझ्या हातातलं पोतेरं तसंच गळत राहिलं. नुसतं हो म्हणायचं होतं. केसपेपरवर ती तारीख मीच सांगितली होती, दाराशी, रिक्षातून नानांना उतरवताना. शेखर खाटेसाठी आत पळाला होता आणि एक मुलगा फॉर्म भरत होता. ताप कधीपासून, त्यानं विचारलं. मी म्हणाले, नऊ तारखेपासून. ते खोटं नव्हतं.

पण पाच एप्रिलला सोमवार होता. हर्षालीचा ऑनलाइन वर्ग चालू होता, फोन डब्याला टेकवून ठेवलेला, आणि मी तिच्याकडे एक डोळा ठेवून कणीक मळत होते. त्या दिवसापासून देवळं बंद होणार होती, बाजारात करंड्या तशाच पडून राहिल्या होत्या, म्हणून नाना लवकर परतले. हातात गुलछडीची एक छडी. माझ्यासमोर धरली.

"बघ गं. हिला वास येतो का?"

चार दिवसांपूर्वी त्यांनी माव्याच्या किडीसाठी फुलांवर नवं औषध फवारलं होतं. सकाळपासून त्यांची तीच तक्रार, औषधानं फुलांचा वास मारला. सासूबाईंना विचारून झालं होतं. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे; त्या तपकीर ओढायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या नाकाला काय इचारता? त्याला तपकिरीबिगर काही गावत नाय. तुम्ही म्हणता तर नसंल येत." मग त्यांनी धोंडीरामला फोन लावला होता. धोंडीराम पलीकडून म्हणाला, "नाना, माझ्या औषधानं मावा जातो, वास नाही जात. वयानं जातो वास." त्यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं होतं.

आणि आता ते माझ्यासमोर उभे होते. हर्षाली म्हणत होती, "मला द्या, मी घेते वास." तिच्या बाई फोनमधून म्हणत होत्या, हर्षाली, इकडे लक्ष. माझे हात कोपरापर्यंत पिठात. मी मान तिरकी केली, वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, "नाही येत, नाना."

एवढंच. त्यांचं एकदाचं समाधान व्हावं आणि त्यांनी स्वयंपाकघरातून जावं म्हणून.

ते गेलेही. खूश होऊन गेले. "बघ, मी म्हणत नव्हतो?" आणि त्याच दुपारपासून त्यांनी रानाला पाणी सोडलं. औषध धुऊन काढायचं, मुळाशी मुरलेलं खाली घालवायचं. तीन दिवस तो माणूस घोट्याएवढ्या चिखलात उभा होता. आत्याबाई शेजारी नळी धरून. एकाच तांब्यानं दोघं पाणी प्यायची, एकाच फडक्याला तोंड पुसायची. चाळीस वर्षांची सवय. एका ओळीतले गड्डेसुद्धा उपटून पाहिले त्यांनी, आत सडलंय का म्हणून. गड्डे पांढरेशुभ्र होते.

बुधवारी संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. दिवेलागणीला गुलछडी उमलते. वारा शेताकडून होता. आणि असा वास आला, असा भरभरून, की मी टॉवेल छातीशी धरून तशीच उभी राहिले.

तेव्हा मला कळलं. मला सगळं ठाऊक होतं. वास जाणं म्हणजे काय हे त्या दिवसांत लहान पोरांनासुद्धा ठाऊक होतं, येता-जाता फोनवर तेच ऐकू यायचं. आत जाऊन मी एक वाक्य बोलायला हवं होतं. पण मग नानांना घेऊन जातील, शेखरला कामावर येऊ देणार नाहीत, दाराला कागद चिकटवतील, हर्षालीला कोण ठेवून घेईल. देवळ्याला माझ्या माहेरी तर सगळेच आजारी. मनात म्हटलं, उद्या सांगू. कदाचित उद्या त्यांना येईलच वास. गुरुवारीही मी तेच म्हटलं. मी त्यांना पाण्याची वाफ घ्यायला दिली, हळदीचं दूध दिलं आणि हर्षालीला त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही. हे आठवलं की मला माझं तोंड आरशात बघवत नाही. पोरीला मी बाजूला ठेवलं, म्हणजे मला पक्कं ठाऊक होतं. आत्याबाईंना नाही ठेवलं.

शुक्रवारी नानांना ताप आला. बारा तारखेला त्यांना दाखल केलं. तेराला पाडवा होता. आम्ही गुढी उभारली नाही, आणि त्याच दिवशी आत्याबाई अंथरुणातून उठल्या नाहीत. सोळाला त्यांनाही नेलं, त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. नाना खाली, त्या वर. आत्याबाई सिस्टर लोकांच्या मागे लागून कधी फोन करायच्या. आपलं काही सांगायच्या नाहीत. "हर्षी जेवती का? रानातली फुलं राहू देऊ नको झाडाला, तोडून टाक, नायतर पुढचा बहर धरत नाय." बोलता बोलता मध्येच श्वासाचा आवाज यायचा, मग पुन्हा बोलायच्या. सत्तावीसला त्या गेल्या. शेखरनं लांबून पाहिलं. नाना खालच्या मजल्यावर होते आणि त्यांना आम्ही मे महिन्यात, घरी आणून, खाटेवर बसवून सांगितलं. ते म्हणाले, "बाजारातून मीच आणलं." आजपर्यंत तेवढंच म्हणतात. मीच आणलं. आणि मी प्रत्येक वेळी म्हणते, असं काही नसतं नाना.

"ताई? आहात ना लाईनवर?"

"आहे," मी म्हणाले. "सिस्टर, ती तारीख चुकली आहे."

"कोणती?"

"पहिल्या लक्षणाची. पाच एप्रिल करा. वास गेला होता त्यांचा."

पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला. "नक्की पाच? केसपेपरवर तसं नाही."

"मी सांगितलं नव्हतं."

"म्हणजे तेव्हा तुमच्या लक्षात आलं नव्हतं, असं लिहू का?"

खाटेची दोरी करकरली. नाना पुढे वाकले होते. मी त्यांच्याकडे न बघता फोनकडे बघत बोलले, म्हणून तरी बोलता आलं.

"आलं होतं लक्षात. त्यांनी मला फूल दाखवून विचारलं, वास येतो का. मी वास न घेताच नाही म्हणाले. त्यांना वाटलं फुलंच बिघडली. नंतर मला कळलं, तरी दोन दिवस मी गप्प बसले. त्यात सासूबाईंना कोरोना झाला. त्याही तुमच्याकडेच होत्या. नवसाबाई पुंजाराम. त्या गेल्या."

सिस्टरांचा आवाज हळू झाला. "ताई, माझ्याकडे एवढं लिहायला जागा नाही. मी पाच एप्रिल लिहिते. सात दिवस. बरं?"

"बरं."

"आणि ताई, तुम्ही जेवलात का?"

असं कुणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. हो म्हणून मी फोन ठेवायला गेले, तर ओल्या बोटांनी तो बंदच होईना. शेवटी हर्षालीनं बंद केला.

मी पोतेरं पिळलं, पुन्हा पाण्यात बुडवलं, पुन्हा पिळलं. फरशी केव्हाच कोरडी झाली होती.

"तू वास घेतलाच नव्हता," नाना म्हणाले.

"नाही."

"मला दिसलं व्हतं."

मी वर पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द, असं ते बोलत होते.

"छडी तुझ्या नाकापासून हातभर लांब व्हती. नुसती मान वाकडी केली तू. मी काय आंधळा व्हतो का?"

"मग बोलला का नाहीत, नाना? शिव्या घालायच्या होत्या मला."

"कशापायी घालू? मला तेच ऐकायचं व्हतं." त्यांनी हात वर केला, थांब म्हणून, आणि दम खाल्ला. "त्या हप्त्यात बाजारात माझ्या दोन्ही बाजूचे गाळे बंद व्हते. एक सुनील, अन् एक तो वणीचा म्हातारा. सुनीलचं पयलं नाकच गेलं व्हतं. मला ठाऊक नव्हतं का? पण तिथं नेलं का माणूस परत येत नाय, असंच चाललं व्हतं तवा. फुलं बिघडली म्हणलं का बरं वाटायचं. धोंडीरामाला शिव्या देता यायच्या. रानात काम निघायचं." पुन्हा दम. "सकाळपासून तिघांना इचारलं मी. कुणी येतो म्हणलं असतं तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाय. चौथ्याला इचारलं असतं बहुतेक."

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. त्यांचा हात माझ्या डोक्याकडे आला, पण पोचला नाही, मध्येच खाटेवर टेकला. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीतलं उतरेल. उतरलं नाही. फक्त आता ते आमच्या दोघांमध्ये ठेवलेलं होतं, आणि दोघांनाही दिसत होतं.

"शेखरला सांगू का?" मी विचारलं.

"सांग," ते म्हणाले. मग म्हणाले, "आज नको. आज त्याची दुसरी पाळी हाय, दमून येईल." मग पुन्हा, "नाय, सांग. उद्यावर नको टाकू आता काही."

हर्षाली एवढा वेळ खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. आम्ही तिला विसरलोच होतो. आजी गेल्यापासून मोठ्यांचं असं बोलणं निघालं की ती मध्ये बोलत नाही, नुसती ऐकते आणि एकेकाच्या तोंडाकडे बघते. ती सरकत सरकत नानांजवळ आली. त्यांच्या मांडीवर हात ठेवला, पण बघत माझ्याकडे होती.

"म्हणजे नानांना माहीत होतं," ती बोट दुमडत म्हणाली, जसं तिला बेरीज शिकवताना मी दुमडायला लावते. "आणि तुला माहीत होतं."

"हो."

"आणि आजीला?"